वर्कशॉपला काम नाही आणि सेन्सेक्स ४४ हजारांवर, हे कसं?

भोसरीकर_फॅब्रिकेटर (२८ नोव्हेंबर २०२०)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पाइप बेंडिंग आणि वेल्डिंगचं. बहुतेक काम शाळेच्या बसच्या सीट फ्रेमचं. मार्चपासून शाळा बंद, त्यामुळे नव्या बस नाहीत, म्हणून ऑर्डर नाही. आम्ही सात जण होतो. दोघं बिहारला गेले ते परतलेच नाहीत, दोघांना मीच कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. त्यातला एक अकरा वर्षं माझ्याकडं होता. त्याच्या घरावरून जायचं मी टाळतो.

काल जीडीपीचा, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचा आकडा आला. जुलै ते सप्टेंबर ७.५ टक्के घट, त्याआधीच्या तिमाहीत २३.९. सलग दोन तिमाही घट, म्हणजे मंदीच. आणि २३ मार्चला २६ हजारांच्या खाली गेलेला सेन्सेक्स कोरोनाआधीच्या उच्चांकाच्याही वर!

सरकारी हमीचं वाढीव कर्ज मिळालं, त्यातले साडेतीन लाख करंट खात्यात पडून आहेत. भाचा हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणतो, "मामा, ऑर्डर येईपर्यंत शेअरमध्ये फिरवा." मोह होतोय आणि भीतीही वाटतेय. रोज शटर उघडल्यावर मला दिसत नाही, असं काय बाजाराला दिसतंय?

ठाणेकर_७४

दादा, सेन्सेक्समध्ये फक्त ३० कंपन्या आहेत. मोठ्या बँका, आयटी, रिलायन्स, साबण-तेलवाले. सप्टेंबर तिमाहीत बऱ्याच मोठ्या कंपन्यांची विक्री घटूनही नफा वाढला, कारण कच्चा माल स्वस्त मिळाला आणि पगार-प्रवासाचा खर्च कापला. तुमच्यासारखं वर्कशॉप त्यात कुठेच नाही. जीडीपीत आहे, पण तेही अंदाजानं. असंघटित क्षेत्राचा, म्हणजे छोट्या-मोठ्या नोंदणी नसलेल्या धंद्यांचा, तिमाही हिशेब बराचसा संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून लावतात. त्यामुळे खरी घट ७.५ पेक्षा मोठी असावी, असं माझं मत.

दुसरं, पैसा. अमेरिकेनं मार्चमध्ये व्याजदर शून्याजवळ आणला, आपला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, मेमध्ये ४ टक्क्यांवर आला. एफडीत काही सुटत नाही म्हणून लोक शेअर ठेवायची डीमॅट खाती उघडतायत. परदेशी गुंतवणूकदारांनी या एका महिन्यात जवळपास ६० हजार कोटींचे शेअर घेतले. त्यात ९ तारखेला फायझरच्या कोरोनावरच्या लशीची बातमी आली. बाजार पुढच्या वर्षाचा भाव लावतोय. तुम्हाला पगार या शनिवारी द्यायचाय.

डोंबिवलीची_ताई

दादा, कर्जाचा पैसा बाजारात घालू नका. हात जोडून सांगते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, तेव्हा आम्ही मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीचे पैसे गुंतवले. ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली गेला. फी भरायची होती, विकावंच लागलं. मे २००९ मध्ये निवडणुकीच्या निकालानंतर एका दिवसात २१०० अंकांनी उसळला, तेव्हा आमच्याकडे एक शेअर नव्हता. बाजार सावरला, पण आमची फीची तारीख थांबली नव्हती. तुमच्या कर्जाला वर्षभर मुद्दल नाही, व्याज मात्र चालूच असेल ना?

भोसरीकर_फॅब्रिकेटर

हो ताई, व्याज दर महिन्याला कापलं जातं. काल रात्री तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. भाच्यालाही नको म्हणून कळवलं.

एका डीलरनं हॉस्पिटल बेडच्या चाळीस फ्रेम विचारल्या होत्या. पाइपचा भाव चढलाय म्हणून मी नाही म्हटलं होतं. आज त्याला होकार दिला. मजुरी जेमतेम सुटेल, पण एका माणसाला काम मिळेल. अकरा वर्षंवाल्याला फोन केला. तो आता भाजीची गाडी लावतो. बायकोशी बोलून उद्या सांगतो म्हणाला.