वरचं बीपी १२० च्या खालीच हवं का?

ए-१०४, काका: नमस्कार मंडळी. काल ग्रुपवर आलं की वरचं बीपी १२० च्या खालीच पाहिजे. माझं १३४/७८, वय ७१. सकाळची गोळी दीड करू का?

सी-२०३, डॉक्टरताई: काका, आपल्या मनाने अजिबात नको. तो १२० चा आकडा अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासातला, २०१५ चा. पन्नाशीपुढची नऊ हजारांवर माणसं होती. १२० च्या खाली ठेवलेल्यांत हार्ट फेल्युअर आणि मृत्यू कमी झाले, हे खरं आहे. पण डायबिटीसवाले आणि आधी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेले त्यात घेतलेच नव्हते. बीपी फार उतरणं, शुद्ध हरपणं, किडनीला इजा हेही १२० च्या खाली ठेवलेल्यांतच जास्त दिसलं. शिवाय तिथे पाच मिनिटं शांत बसवून मशीनने तीनदा मोजून सरासरी काढायचे. आपण जिना चढून जातो आणि खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा बांधतात. ते १३४ आणि हे १३४ एक नव्हे.

बी-५०१, काकू: आमच्या सासूबाईंचं सांगते. वय ८४. गोळी वाढवली, आकडा छान आला, सगळे खूश. चौथ्या रात्री बाथरूमला उठल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या. चौकट धरलेली म्हणून वाचल्या. नंतर मोजलं तर बसून १२६, उभं राहिल्यावर १०२! डोस कमी केला. आता १४० च्या आसपास असतं, पण स्वतः गॅलरीपर्यंत चालत जातात.

सी-२०३, डॉक्टरताई: काकू, बरं झालं सांगितलंत. उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजायचं. वरचं २० किंवा जास्त उतरलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ए-१०४, काका: मग माझ्यासाठी किती?

सी-२०३, डॉक्टरताई: १४०/९० च्या खाली तर हवंच. चीनमध्ये ६० ते ८० वयाच्या लोकांवर अभ्यास झाला, २०२१ चा. त्यात ११० ते १३० ठेवलेल्यांना फायदा झाला. म्हणजे तुम्हाला १३० च्या खाली झेपू शकेल. पण चक्कर येते का, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगतं) आणि पोटॅशियम किती, हे बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहा.

बी-५०१, काकू: भावजी, दंडाचं मशीन आहे आमच्याकडे. संध्याकाळी पाठवते.