मदत हवी आहे: सप्टेंबरमध्ये तेजपूर ते तवांग, एकट्याने, छोट्या पेट्रोल गाडीने

पायवाट:
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेजपूर–भालुकपोंग–बोमडिला–सेला–तवांग आणि त्याच वाटेने परत असा बेत आहे. गाडी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, ग्राउंड क्लिअरन्स 165 मिमी, ट्यूबलेस टायर. सोबत कोणी नाही. इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायची परवानगी) ऑनलाइन काढलंय. दोन दिवसांत पोचणं जमेल का? सेला बोगद्यामुळे खिंडीचा त्रास संपला असं धरू का? आणि दरड आली किंवा गाडी रुतली तर एकट्या माणसाने काय करायचं?

घाटवळण:
गाडी चालेल. दोन दिवस मात्र विसरा. तीन धरा आणि वर एक दिवस राखीव ठेवा.

किलोमीटर मोजून ठरवू नका. भालुकपोंग ते बोमडिला साधारण 100 किमी आहे, पण पावसात त्याला अख्खा दिवस लागू शकतो. खालच्या जंगलपट्ट्यात डोंगर तीन महिने भिजून मऊ झालेला असतो, दरडींचा खरा धोका तिथेच. शिवाय इतक्या पूर्वेला सप्टेंबरमध्ये साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि ढगांत त्याआधीच अंधारतं. उजाडताच, म्हणजे सव्वापाचला निघा आणि दुपारी दोनला, फार तर तीनला, मुक्कामी पोचा.

पहिला मुक्काम बोमडिला, दुसरा दिरांग. दुसऱ्या दिवशी 40-एक किमीच होतात, पण तिसऱ्या दिवशी सेला सकाळी गाठता येतो. दिरांग 1,500 मीटरवर असल्याने झोपही नीट लागते.

सेला बोगद्याचं उद्घाटन 9 मार्च 2024 ला झालं. माथ्यावरची वळणं आणि बर्फ त्याने टळतं, उंची टळत नाही, कारण बोगदाच 13,000 फुटांच्या आसपास आहे. तिथे डोकं ठणकू लागलं, मळमळलं तर थांबून राहू नका, हळूहळू खाली उतरा. दुसरं कोणी स्टिअरिंग हाती घेणारं नाही, म्हणून पहिल्या लक्षणालाच निर्णय घ्या.

परमिटच्या तीन-चार छापील प्रती ठेवा. तवांगच्या पुढे चीनच्या सीमेवरच्या बूम ला खिंडीत जायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, ती तवांगला काढावी लागते.

पानापक्कड:
गाडीचं मी सांगतो. 4,000 मीटरवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. चढावर पहिला-दुसरा गिअर लागणारच, त्यात काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरली की. प्लेट जळल्याचा वास आला तर सपाटीवर थांबून निवू द्या. थांबाल तिथे हँडब्रेकवरच थांबा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं: नव्या डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा धरला की 155 पर्यंत येऊ शकतो. सेलाहून जांगकडच्या लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला तर ऑइल उकळून बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरची नक्षी किमान 3 मिमी हवी. कायद्याची 1.6 मिमीची मर्यादा या चिखलाला पुरत नाही. पंक्चरच्या वाती, रीमर (भोक साफ करायचा टोच्या), 12 व्होल्टचा पंप घ्या, पण टायरची बाजू फाटली तर वात टिकत नाही, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची आणि हवा भरलेली हवी. जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी हवीच. ओल्या कडेला जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच मातीत घुसतो.

घाटवळण:
दरडीचं राहिलं. बारीक खडे टपटपू लागले, किंवा वरून येणारं स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, तर पुढे जाऊ नका आणि खाली उभेही राहू नका. मागे येऊन डोंगराच्या सोंडेवर थांबा, घळीत नाही, कारण दगडमाती घळीतूनच उतरते. गाडी एका कडेला लावा, बीआरओचा (सीमा रस्ते संघटनेचा) डोझर जाईल एवढी वाट सोडा. पहिल्या गाड्या पलीकडे निघाल्या म्हणून लगेच घुसू नका, पाच मिनिटं वरचा उतार बघा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, लष्करी ताफ्याला तर पूर्ण.

पायवाट:
खूप आभार. आणखी दोन शंका. रस्त्यावरून ओढा वाहत असेल तर? आणि काचेवर आतून वाफ धरते तेव्हा खिडक्या उघडाव्यात का?

पानापक्कड:
पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल किंवा तळ दिसत नसेल तर थांबा. समोरून एखादी गाडी येऊ द्या, तिची चाकं कुठे बसतात ते दिसतं. मग पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा.

वाफेला एसी चालू, तापमान गरम, झोत काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. आतलीच हवा फिरत राहिली तर ओल्या कपड्यांचा दमटपणा काचेवरच बसतो. खिडक्या उघडल्या तर पावसात तो वाढतो.

रुतलीच तर चाक फिरवत बसू नका, खड्डा खोल होतो. पुढची चाकं सरळ करा, त्यांच्यापुढचा चिखल फावड्याने उपसा, पायातल्या रबरी मॅट चाकाखाली द्या. ओढून घ्यायची वेळ आली तर ओढायचा हूक बंपरमधल्या चौकोनी झाकणामागे बसतो. कित्येक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. घरीच एकदा बसवून, काढून बघा आणि स्टेपनीखाली नाही, हाताशी ठेवा.