मदत हवी आहे: वल्हालात पॉवर 160, पुढचा प्रदेश 90चा

असॅसिन्स क्रीड वल्हाला हा व्हिडिओ गेम खेळतोय. ईस्ट अँग्लिया (सुचवलेली पॉवर, म्हणजे पात्राची ताकद, 55) संपवून आता लंडनला (90) जायचंय, पण पॉवर आधीच 160 झालीय. नकाशावरचा प्रत्येक सोनेरी ठिपका उकरला की एक्सपी (अनुभवाचे गुण) वाढत जातो आणि स्किल पॉइंट खर्च केला की पॉवर चढते. परिणामी साधे शिपाई दोन घावांत आडवे! पॅरी (वार अचूक वेळी अडवणं), स्टॅमिनाचं (दमाचं) गणित, म्हणजे या गेमची खरी मजाच, वाया जाते. धाडी तर आधीच त्याच त्या वाटतात.

पर्याय दोन: स्किल्स रीसेट करून (फुकट होतं) थोडेच पॉइंट लावायचे किंवा सेटिंगमधलं लेव्हल स्केलिंग (शत्रूंची ताकद आपल्या पॉवरप्रमाणे वाढणं) चालू करायचं. स्केलिंगने बॉसची (मोठ्या शत्रूंची) फक्त हेल्थ फुगते की त्यांचे वारही जड होतात? दोन्ही वापरून पाहिलेल्यांनी सांगा.