प्राण्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त "फिजिओ द्या" लिहून येतं. तुम्ही काय करता?

फिजिओताई:
मी प्राण्यांची फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली लॅब्रेडॉर येते, सोबत चिठ्ठी: "मागचा डावा पाय, फिजिओ द्या." लिगामेंट फाटलं होतं हे कळलं. पण हाड कापून प्लेट बसवली की सांध्याबाहेरून नुसता दोरा घातला? मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, पाहिला होता का? वेदनाशामक चालू आहे की बंद? मालक म्हणतात, "आत काहीतरी बसवलंय." हाड कापलं असेल तर ते सांधलेलं एक्स-रेत दिसेपर्यंत पळणं-उड्या बंद, म्हणून मला हे आधी कळायला हवं. फोन करावा तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. आणि माझे दोन पानी रिपोर्ट कुणी उघडत असेल असं वाटत नाही.

टाकेवाला डॉक्टर:
नाहीच उघडत, ताई. पहिल्याच ओळीत माझ्याकडून काय हवंय ते लिहा: एक्स-रे लवकर करायचा का, औषध वाढवायचं का. मग आकडे. दोन्ही मांड्यांचा घेर, टेप दर वेळी त्याच जागी लावून; गुडघा किती अंश वाकतो, किती सरळ होतो. "प्रगती समाधानकारक" यातून मला काडीचंही कळत नाही.
चिठ्ठीच्या नादी लागू नका. मालकांच्या परवानगीने ऑपरेशन नोट आणि एक्स-रे मागा, ते तयारच असतात, मी टेबलावर असलो तरी रिसेप्शनवरून मिळतात.
आणि चांगलं चालायला लागलेलं कुत्रं अचानक पाय उचलून धरू लागलं, गुडघा हलवताना आत 'टक्' जाणवलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी कळवा. मेनिस्कस ऑपरेशननंतरही फाटतो. आमच्या फिजिओने एकदा असाच पकडला. चालण्याचा छोटा व्हिडिओ आला, तेवढ्यावर मी लगेच बोलावून घेतलं.

डॅशहुंडचा बाबा:
मालकाचंही ऐका. पाठीच्या मणक्याचं दुखणं. डॉक्टर म्हणाले पिंजऱ्यात विश्रांती, फिजिओ म्हणाल्या आधार देऊन उभं करा. मला वाटलं दोघांचं भांडण आहे! शेवटी दोघांना एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं, तेव्हा कळलं की डॉक्टरांचा आक्षेप उड्या आणि जिन्याला होता.

फिजिओताई:
ग्रुप चांगला, पण रात्री अकराला "गोळी अर्धी करू का?" असं मला विचारलं जातं. औषधाचं मी बोलत नाही, ते डॉक्टरांनीच सांगायचं.
डॉक्टर, पाण्यातल्या ट्रेडमिलचंही नोटमध्ये लिहाल का? पाणी कमरेच्या सांध्यापर्यंत असलं तर पायांवर साधारण ३८ टक्केच वजन येतं, घोट्यापर्यंत असलं तर ९१. कधीपासून उतरवू?

टाकेवाला डॉक्टर:
टाके निघालेले, जखम पूर्ण मिटलेली आणि कोरडी. त्याआधी पाण्यात नाही. पाणी कुठवर ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मला नंतर कळवा. पहिल्या ओळीत!