‘ट्रॉफी हंटिंग’ला मराठीत काय म्हणावं? शिकार, पारध, मृगया

सोलापूरकर

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात शाळांच्या सहली येतात, तेव्हा मुलांना माळरान दाखवायचं काम आम्ही काही जण करतो. यंदा मुलांच्या हातात द्यायला एक छोटी मराठी पुस्तिका तयार होते आहे. शिकारीचा विषय त्यात टाळता येत नाही, कारण माळढोकाची दैना तिथूनच सुरू होते. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. हा आकडा आपल्यापर्यंत पोचला, कारण तो माणूस मोजत होता. पोटासाठी पाखरू धरणारा अशी बेरीज मांडून ठेवत नाही.

अडचण शब्दांची आहे. ‘ट्रॉफी हंटिंग’ (शिंगं-मुंडकं मिरवण्यासाठी मारणं), ‘फेअर चेस’ (जनावराला निसटायची संधी ठेवून केलेली शिकार) आणि ‘कॅन्ड हंटिंग’ (कुंपणात कोंडून मारणं) हे तीन शब्द मराठीत हवेत. एका मसुद्यात ‘चषक-शिकार’ असं आलंय. ते वाचून मुलांना क्रिकेटचा कप आठवेल. दुसऱ्या मसुद्यात सगळीकडे नुसतं ‘शिकार’. माझी खरी हरकत या दुसऱ्या मसुद्याला आहे. भुकेपोटी ससा धरणारा आणि शिंगांसाठी काळवीट पाडणारा, दोघांना एकच शब्द लावला की दोघांचा न्यायही एकाच मापाने होतो. सोलापुरात तो तसा झालेलाही आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी हाताशी असलेले शब्द. ‘शिकार’ फारसीतून आला. मराठीत तो कृतीलाही लागतो आणि हाती आलेल्या जनावरालाही (‘आज शिकार मिळाली नाही’). ‘मृगया’ संस्कृत, मृग् म्हणजे शोधणे या धातूवरून. हा राजेलोकांचा शब्द. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज व्यसनांची यादी आहे, तिची सुरुवातच मृगयेपासून होते. ‘पारध’ची व्युत्पत्ती फार कमी लोकांना ठाऊक असते: संस्कृत ‘पापर्द्धि’, प्राकृत ‘पारद्धि’, मराठी ‘पारध’. पाप अधिक ऋद्धी. ज्या भाषेत शिकारीच्या शब्दातच पाप बसलेलं आहे, तिच्यात ‘ट्रॉफी’ला शब्द सापडू नये हे मला पटत नाही.

बार्शीकर

‘हौशी शिकार’ का नको? ‘हौशी नाटक’ म्हणतो तसं. पैशासाठी नाही, पोटासाठी नाही, हौसेसाठी.

सोलापूरकर

‘हौस’ फार सोज्वळ शब्द आहे हो. लग्नात हौस होते, डोहाळजेवणात होते. जुनी माणसं म्हणायची ‘शिकारीचा नाद’, तो शब्द जास्त खरा. पण नादातही ट्रॉफीचा मुद्दा येत नाही. नादिष्ट शिकारी रिकाम्या हाताने परतला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जातो. ट्रॉफीवाल्याला रिकामं परतायचंच नसतं. त्याला जनावराचा ठराविक भाग हवा असतो, आणि तोही मापाचा.

मंगळवेढ्याकडच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीत काळवीटाचं मुंडकं बघितलं होतं. पेंढा भरलेलं, डोळे काचेचे, एक कान कसरीने खाल्लेला, नाकावर काळा रंग पुन्हा दिलेला. खाली पितळी पट्टी. तिच्यावर तीनच गोष्टी कोरलेल्या: मारणाऱ्याचं नाव, साल आणि शिंगांची लांबी इंचांत. कुठला माळ, कळप केवढा, दिवस उन्हाळ्याचा की पावसाळ्याचा, यातलं काही नाही. त्या पट्टीवर जे कोरलंय तेवढंच ‘ट्रॉफी’.

हे इंचांचं वेड कुठून आलं तेही सांगतो. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड नावाचा जनावरांत पेंढा भरून देणारा व्यावसायिक होता. त्याने १८९२ साली जगभरच्या शिकारींच्या शिंगांची, कवट्यांची मापं छापायला सुरुवात केली. पेंढा भरून देणाराच मापांची यादी छापणार, म्हणजे यादीत नाव यावं म्हणून माणूस आणखी मोठं जनावर शोधणार आणि त्याच्याकडेच आणणार. आपल्याकडे म्हैसूरला व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात संस्थानिकांचे वाघ, बिबटे भरले जात. शिकारीचा धंदा बंदुकीपासून सुरू झाला असं आपण समजतो, पण त्याचं मोठं अंग हे असं बंदुकीनंतरचं आहे.

माळावरचा

आमचं गाव नान्नजपासून लांब नाही. लहानपणी फासेपारध्यांचे फासे जवळून बघितलेत. बारीक दोरीच्या गाठी ओळीनं खुंट्यांना बांधायच्या, गवतात, जमिनीसरशी. तितर चालत चालत येतं आणि पाय नाही तर मान अडकते. पण जिवंत घावतं, हे ध्यानात घ्या. माणूस तिथंच दबा धरून बसलेला असतो. उठून हातात घेतो, उलटसुलट बघतो, मग ठरवतो.

आता बॅटरीची शिकार चालते. रात्री मोटरसायकलवर दोघं, मागच्याच्या हातात मोठी बॅटरी. सशाच्या डोळ्यांवर झोत टाकला की ससा जागेवर थिजतो, पळतच नाही. उतरून काठी घालायची, झालं. त्यात बघायचं न् ठरवायचं काय राहिलं? वर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. फोटो हीच आता ट्रॉफी.

सोलापूरकर

‘जिवंत घावतं’ या दोन शब्दांत तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, त्यात फासेपारध्यांची रीत नोंदलेली आहे: फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर सोडून द्यायची. त्याच अभ्यासात असंही दिसतं की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच मुलखात फिरत, पण प्रत्येकाचं सावज बरंचसं वेगळं. नंदीवाल्यांची कुत्री साळिंदर-घोरपडीमागे, पारध्यांचे फासे काळवीट आणि पाखरांसाठी.

सोडून देणं शक्य होतं कारण जनावर आधी हातात यायचं आणि निर्णय नंतर व्हायचा. लांबून झाडलेल्या गोळीत निर्णय आधीच संपलेला असतो. आणि गिऱ्हाईकाने नगावर भाव ठरवला की फासा तोच राहतो, हातही तोच राहतो, पण सोडायची रीत उरत नाही. गाभण मादीलाही तेवढाच भाव मिळतो ना. व्यापाराने शिकारीची नीती मोडते ती अशी.

आता सोलापूरचं. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधी होते. सोलापुरात अशा जमातींना कोंडायची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, ते नाव आपल्या शहरात अजून चालतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का कागदावरून गेला, माणसांच्या तोंडून गेला नाही. साहेबाला बंदूक आणि भिंतीवर मुंडकं मिरवायचा मान देणाऱ्याच सत्तेने तितर धरणाऱ्याला तारेत कोंडलं. अजूनही बातमीत ‘पारधी’ हा शब्द जमातीचं नाव म्हणून कमी आणि संशय म्हणून जास्त येतो. म्हणून मुलांच्या पुस्तिकेत ‘पारध’ आणि ‘शिकार’ यांची सरमिसळ मी होऊ देणार नाही.

काळा कोट

एक कायद्याची बाब. बातम्यांत ‘अवैध शिकार’ असतं, त्यात एखादी वैध शिकार गृहीत धरल्यासारखी होते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली आज संरक्षित प्राण्याची शिकार मुळातच बंद आहे. कलम ११ आणि १२ खालची परवानगी हा अपवाद, आणि तोही हौसेसाठी नाही. त्यामुळे ‘पोचिंग’ला नुसतं ‘शिकार’ म्हटलं तरी गुन्हा कळतो, ‘चोरटी शिकार’ चालेल. शिवाय कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, विष घालणं, हाकलून नेणं, यांचा प्रयत्नसुद्धा, आणि पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं. ‘ट्रॉफी’चीही व्याख्या आहे, कातडं, शिंग, हाड सगळं तिच्यात येतं.

सोलापूरकर

‘अवैध’ काढून टाकतो. ‘चोरटी शिकार’ ठेवतो.

पंढरपूरचा, सध्या पुण्यात

दुसरी बाजूही मुलांना सांगा. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये मारखोर या रानबोकडाचे मोजके परवाने लिलावाने विकले जातात, एकेक लाखभर डॉलरच्या वर जातो. त्यातले ८० टक्के स्थानिक गावांना मिळतात. आधी जे लोक मारखोर मारून खात, तेच आता राखण करतात. नामिबियातही गावांच्या संरक्षित क्षेत्रांना शिकारीच्या पैशाचा आधार आहे. पोटाला मिळालं की माणूस जनावर राखतो. मग ‘मिरवणारे’ म्हणून त्या सगळ्यांना एकाच शब्दात झोडणं बरोबर आहे का?

सोलापूरकर

मारखोरचं उदाहरण पक्कं आहे आणि ते पुस्तिकेत येईल. पण तिथे नीती टिकली ती कशामुळे ते बघा. परवाने मोजके, पैसा गावात, आणि जनावर मोकळ्या डोंगरात. यातलं एक निसटलं की काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. तिथे सिंह कुंपणात वाढवून गिऱ्हाईकापुढे सोडायचा धंदा उभा राहिला. लाखो रुपये मोजून ठराविक दिवसांसाठी आलेल्या माणसाला ‘आज सिंह दिसला नाही’ हे उत्तर चालत नाही, त्याला खात्री हवी असते. खात्री विकायची तर जनावराची पळायची वाट बंद करावीच लागते. हेच ‘कॅन्ड हंटिंग’.

२०१५ साली झिम्बाब्वेत ह्वांगे उद्यानाचा सेसिल सिंह मारला गेला. सुमारे ५०,००० डॉलर मोजलेल्या अमेरिकन माणसाच्या बाणाने तो जखमी झाला आणि कित्येक तास तसाच फिरत राहून मग मारला गेला. जखमी जनावर आधी संपवायचं, तडफडत ठेवायचं नाही, ही शिकाऱ्यांच्या नीतीतली जुनी अट. तीसुद्धा तिथे पाळली गेली नाही.

आणि मिरवण्याच्या निवडीचा परिणाम जनावराच्या वंशावरही होतो. कॅनडात आल्बर्टातल्या राम माउंटनवर रानमेंढ्यांची अनेक वर्षांची मोजणी आहे. मोठ्या शिंगांचे एडके शिकारी टिपत गेले, तशी पुढच्या पिढ्यांची शिंगं आखूड होत गेली. आपल्या माळावरचा लांडगा याच्या उलट करतो. कळपाला पळवत नेतो आणि मागे पडलेलं, लंगडं, दुबळं जनावर धरतो. कळपातला सगळ्यांत देखणा नर शोधून मारणारा प्राणी माणूसच.

बार्शीकर

‘फेअर चेस’ला ‘धर्मशिकार’ कसं वाटतं? धर्मयुद्धासारखं.

सोलापूरकर

नको. धर्मयुद्धात दोन्हीकडे शस्त्र असतं आणि दोघांनाही युद्ध ठाऊक असतं. काळवीटाने रणांगणात यायचं कबूल केलेलं नसतं. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट वगैरे मंडळींनी अमेरिकेत बून अँड क्रॉकेट क्लब काढला, तिथे ‘फेअर चेस’ला वजन आलं. त्याचा गाभा एवढाच की जनावराला निसटायची खरी संधी हवी. मग साध्या मराठीत ‘मोकळ्या रानातली शिकार’ म्हणू. या कसोटीवर संस्थानी हाकारासुद्धा टिकत नाही. गावंच्या गावं वेठीला धरून जनावरं मचाणाकडे रेटायची, यात निसटायला वाट कुठली?

‘कॅन्ड’ला माझं ठरलं आहे: ‘कोंडवाड्यातली शिकार’. कोंडवाडा आपल्या मुलांना कळतो.

माळावरचा

आणि ट्रॉफीला सरळ ‘मिरवायची शिकार’ म्हणा. चौथीतल्या पोरालाही कळेल.

सोलापूरकर

हाच घेतो. ‘मानचिन्ह’, ‘स्मृतिचिन्ह’ हे शब्दही सुचवले गेले होते, पण त्यांत नको तेवढा मान आहे. कायद्याचा संदर्भ येईल तिथे ‘ट्रॉफी’ तसाच ठेवू, म्हणजे काळा कोट यांची हरकत राहणार नाही.

पुस्तिकेतला परिच्छेद आता असा आहे: ‘पारध म्हणजे पोटासाठी, हातात आलेलं जनावर बघून, पाडस आणि गाभण मादी सोडून केलेली. मिरवायची शिकार म्हणजे शिंग, कातडं किंवा फोटो यांसाठी केलेली. कोंडवाड्यातली शिकार म्हणजे जनावराची वाट बंद करून, पैसे मोजणाऱ्यासाठी केलेली. आज आपल्या माळावर यातलं काहीही करणं गुन्हा आहे.’

एक काम राहिलं आहे. फाशाचे भाग, म्हणजे गाठ, खुंटी, दोरी, यांना करमाळा, सांगोला, मोहोळ भागात काय म्हणतात ते इथे लिहा. ‘वाघूर’ हा शब्दही तपासायचा आहे. सशाच्या जाळ्याला तो होताच, आणि धनगर मेंढ्या कोंडायच्या जाळ्याला वाघर म्हणतात. पारधी समाजातलं कुणी वाचत असेल तर त्यांच्या बोलीतले शब्द आधी हवेत. ती बोली मराठीपेक्षा गुजरातीच्या जवळची आहे, त्यामुळे मी अंदाजाने काही लिहिणार नाही. शब्दांबरोबर गावाचं आणि तालुक्याचं नाव द्या, माणसाचं नको.