आरसा केला, पण एक डिस्क काढली की मशीन उठतच नाही – सल्ला हवा

ताकपिठलं:
मंडळी, जुनं झिऑनवालं वर्कस्टेशन घेतलंय, १ टीबीच्या दोन एनव्हीएमई डिस्क. डेबियन १२ (लिनक्स) टाकायला बसलो तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेनात. बायोसमध्ये 'रेड' मोड (बोर्डच डिस्कांची जोडणी करतो तो) होता, तो एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारा साधा मोड) केल्यावर दिसल्या. मग एमडीॲडम या लिनक्सच्या टूलने रेड-१ (आरसा, दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलं, रूट म्हणजे मुख्य सिस्टिम त्यावर. झकास चाललं. काल मशीन बंद करून, हौस म्हणून पहिली डिस्क काढली, तर बूट डिव्हाइसच सापडत नाही म्हणतंय! दुसरीवर सगळा डेटा आहे ना? बायोसचंच रेड ठेवायला हवं होतं का?

खडूस_ॲडमिन:
नको. बोर्ड मेला की तसाच बोर्ड शोधत फिरायची वेळ येऊ शकते. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फाइली असतात तो भाग) दोन्हींवर आहे का ते सांगा.

ताकपिठलं:
पहिलीवर ५१२ एमबीचं. दुसरीवर तेवढंच काढलंय, पण रिकामं.

खडूस_ॲडमिन:
तिथेच घोडं अडलंय. फर्मवेअरला (म्हणजे बायोसला) तुमचं रेड कळत नाही, त्याला फक्त फॅट ही फाइल-सिस्टिम वाचता येते. ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) उठला की तो रेड वाचतो, पण ग्रबलाच उठवणार कोण?
आधी पहिली डिस्क परत लावा. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' ग्रबच्या पॅकेजवर चालवा, 'रिमूव्हेबल मीडिया'च्या ठरलेल्या जागेवर (बूट-नोंद नसली तरी फर्मवेअर जिथे बघतं) जादा प्रत ठेवू का विचारेल, त्याला हो म्हणा. काही फर्मवेअर डिस्क दिसेनाशी झाली की तिची बूट-नोंद पुसून टाकतात, तेव्हा हीच प्रत तारते. मग दुसरं पार्टिशन फॅट३२ करून सगळं आरसिंकने (फाइली कॉपी करणारं टूल) तिकडे न्या, आणि ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरच्या बूट-यादीत त्याची नोंद करा. डीडीने पार्टिशनची हुबेहूब नक्कल मारू नका, दोन्हींचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) सारखा होतो आणि अपडेट कुठल्या पार्टिशनवर पडलं ते कळत नाही.

रात्रपाळी:
एवढा खटाटोप कशाला? ईएफआय पार्टिशनचंही रेड-१ करा, फक्त मेटाडेटा (रेडची स्वतःची माहिती) १.० द्या. तो पार्टिशनच्या शेवटी बसतो, त्यामुळे फर्मवेअरला साधं फॅटच दिसतं. माझ्याकडे तसंच आहे.

खडूस_ॲडमिन:
चालतं, नाही म्हणत नाही. पण फर्मवेअरने स्वतः त्यात काही लिहिलं तर ते एकाच डिस्कवर जातं आणि एमडीला (लिनक्सच्या रेडला) पत्ता लागत नाही. मला ती धाकधूक नको. त्यापेक्षा ग्रबचं अपडेट आलं की आरसिंक पुन्हा चालवतो, एपीटीच्या हुकमध्येच टाकलंय, पॅकेज अपडेट झालं की आपोआप चालतं.

ताकपिठलं:
केलं सगळं. पहिली डिस्क काढली, ग्रब आला (!), पण पुढे इमर्जन्सी मोड. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ती यादी) बूट-ईएफआयची ओळ गेलेल्या डिस्कची वाट बघत होती.

खडूस_ॲडमिन:
अरे हो, राहिलंच सांगायचं. त्या ओळीत 'नोफेल' घाला, म्हणजे पार्टिशन सापडलं नाही तरी मशीन अडत नाही.

ताकपिठलं:
घातलं, उठलं! डिस्क परत लावल्यावर मात्र आरशाने ती आपणहून घेतली नाही, हाताने री-ॲड करावी लागली. बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) होता म्हणून सिंक चटकन झालं. धन्यवाद, खडूसराव!