पाठ सामाईक असावेत, पण बदलता येण्याजोगे

प्रत्येक ग्रंथालयाने दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचे स्वतंत्र चित्रफीत-पाठ तयार करावेत, ही सूचना मला पटत नाही. शोधताना दोन शब्द 'अँड'ने (AND) जोडले की निकाल कमी होतात आणि 'ऑर'ने (OR) जोडले की वाढतात, हे सगळीकडे सारखेच शिकवावे लागते. मात्र ज्यात लेख शोधायचे त्या डेटाबेसची मांडणी बदलली की चित्रफीत जुनी होते. म्हणून तिच्यासोबत मूळ संपादनयोग्य फाईल आणि संहिताही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरायची आधीच मुभा देणाऱ्या परवान्याखाली) द्यावी, म्हणजे लॉगिनचा भाग तेवढा ज्याला त्याला बदलता येईल. (त्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' ही अट नको, तिच्यामुळे बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही.) उपशीर्षके मात्र पहिल्याच आवृत्तीत हवीत, कारण ऐकू न येणाऱ्या दूरस्थ विद्यार्थ्याला शेजारी विचारायलाही कोणी नसते.